आवाजाला जागा लागते

प्रश्न : ताई, नमस्कार. माझ्याकडे चार सिलिंडरची सहाशे सीसीची स्पोर्ट बाइक आहे. कंपनीचा सायलेन्सर मागच्या चाकाच्या बाजूने लांबलचक गेला आहे आणि तो मला पहिल्या दिवसापासून खटकतो. मला आखूड एक्झॉस्ट बसवायचा आहे, अगदी पायाजवळ संपणारा, रेसच्या गाड्यांना असतो तसा. एक मित्र म्हणतो नुसता स्लिप-ऑन लाव, म्हणजे फक्त मागचा सायलेन्सर बदल. दुसरा म्हणतो लावायचाच तर इंजिनापासूनचे पाइप धरून फुल सिस्टीम लाव, नाहीतर काही उपयोग नाही. तिसऱ्याने सांगितलं की आखूड सायलेन्सरने बॅकप्रेशर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराला होणारा अडथळा, जातं आणि खालचा पिकअप मरतो. मी रोज गाडी चालवतो, वर्षातून दोन-तीनदा ट्रॅकवर जातो. नेमका कुठला घेऊ?

उत्तर : तिघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच तुमचा गोंधळ झालाय. एखादं नाव सुचवण्याआधी तुमच्याकडून एक काम करून घेते. गाडी पूर्ण गार होऊ द्या, स्टँडवर लावा आणि खाली वाकून टॉर्च मारा. चार बेंड पाइप इंजिनाच्या पुढून खाली उतरतात आणि तेलाच्या चेंबरखाली एकत्र येतात. त्या जोडाच्या पुढे, मागच्या चाकाच्या अलीकडे, पत्र्याचा चपटा डबा आहे का? की पाइप तसाच सरळ सायलेन्सरपर्यंत गेलाय? तुमचं निम्मं उत्तर त्या डब्यात आहे.

सायलेन्सर म्हणजे आवाजावर ठेवलेलं झाकण, असं बहुतेकांना वाटतं. माझ्यासाठी ती आवाजाची खोली आहे. सिलिंडरमधून प्रत्येक स्फोटानंतर दाबाची एक लाट बाहेर पडते. तिला फुलायला जागा लागते, एका कप्प्यातून दुसऱ्यात आपटून स्वतःशीच कटायला जागा लागते, आत भरलेल्या काचेच्या लोकरीत मुरायला जागा लागते. ही जागा काढून घेतली की लाट जशीच्या तशी रस्त्यावर येते. म्हणून आखूड सायलेन्सर समोर आला की मी पहिला प्रश्न हाच विचारते : कापलेली जागा कुठे गेली?

आखूड सायलेन्सरची आवड आपल्याला लागली कुठून, ते आठवा. 1994 च्या डुकाटी 916 ने सायलेन्सर सीटखाली नेले आणि सगळ्यांना वेड लावलं. पुढे 2003 ची होंडा सीबीआर 600 आरआर आणि 2004 ची यामाहा आर1 त्याच वाटेने गेल्या. दिसायला देखणं, यात शंका नाही, पण जड आणि तापणारी वस्तू गाडीच्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात मागच्या टोकाला जाऊन बसली. मग 2006 मध्ये यामाहा आर6 आणि सुझुकीची जीएसएक्स-आर 600 व 750 आली, बाजूला जेमतेम वीतभर शेपूट घेऊन. लोकांना वाटलं, कंपनीनेच सायलेन्सर फेकून दिला. खरं म्हणजे तो इंजिनाखाली सरकला होता. वजन गाडीच्या मध्याजवळ आणलं की ती एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर पटकन वळते, एवढा साधा हेतू. ब्युएल या अमेरिकन कंपनीने तर त्याच्या आधीच एक्सबी मालिकेत अख्खा सायलेन्सर पोटाखाली नेला होता. डबा कोणाला दिसत नाही, शेपूट दिसतं, आणि बाजारात आपण शेपूट विकत घ्यायला जातो.

तेव्हा तुमच्या गाडीखाली डबा असेल तर तुम्ही सुदैवी आहात. आवाज दाबण्याचं मोठं काम तिथेच होतं आणि बहुधा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही तिथेच बसलेला असतो. त्याच्या मागे आखूड स्लिप-ऑन लावला तर आवाज थोडा भरीव होईल, हाताबाहेर जाणार नाही. डबा नसेल तर मात्र सगळा भार त्या लांब सायलेन्सरवर आहे, जो तुम्हाला नको आहे.

आता पिकअपचं. इंजिनाला बॅकप्रेशर 'लागतं', हे वाक्य मी लहानपणापासून गॅरेजमध्ये ऐकत आले आणि बरीच वर्षं स्वतःही लोकांना सांगत होते. ते चुकीचं आहे. वाट अडवलेली कुठल्याच इंजिनाला आवडत नाही. त्याला लागते ती वेळेवर परत येणारी लाट. तापलेल्या बेंड पाइपमध्ये दाबाची लाट सेकंदाला पाचशे मीटरहून अधिक वेगाने धावते. चार पाइप एकत्र येतात तिथे जागा एकदम रुंदावते, आणि तिथून ती लाट ओढ बनून मागे फिरते. एक्झॉस्टचा आणि इनटेकचा असे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे असतात. नेमक्या त्या क्षणी ती ओढ पोचली तर उरलासुरला धूर बाहेर खेचला जातो आणि ताजा माल आत यायला मदत होते. कुठल्या आरपीएमला ही गाठ पडेल ते व्हॉल्व्हपासून जोडापर्यंतच्या पाइपच्या लांबीवर ठरतं. स्लिप-ऑन या सगळ्याच्या नंतर येतो. त्यामुळे नुसत्या स्लिप-ऑनने खालचा पिकअप मरत नाही, आणि ताकदही फारशी वाढत नाही. 'गाडी आता पळते' असं सांगणारे खोटं बोलत नसतात, पण त्यांना जाणवतो तो बहुतेक वेळा आवाज.

पिकअप खरोखर जातो तो दुसऱ्याच कारणाने. बऱ्याच स्पोर्ट बाइकच्या एक्झॉस्टमध्ये केबलने फिरणारा एक व्हॉल्व्ह असतो. यामाहाने 1987 मध्ये तो एक्झप नावाने आणला. कमी आरपीएमला तो वाट अरुंद करतो, म्हणजे चुकीच्या वेळी परतणारी लाट इंजिनाला त्रास देत नाही. वर गेलं की पूर्ण उघडतो. काही आखूड सिस्टीममध्ये या व्हॉल्व्हला जागाच ठेवलेली नसते. तो काढला की खालच्या आरपीएमला गाडी ढिली पडते, आणि दोष मात्र बिचाऱ्या बॅकप्रेशरच्या नावावर जातो.

फुल सिस्टीम हा वेगळा खेळ आहे. त्यात बेंड पाइपपासून सगळं बदलतं. चार पाइप थेट एकात मिळत असतील तर वरच्या टोकाला जोर येतो, आधी दोन आणि मग एक अशी रचना असेल तर मधल्या आरपीएममध्ये गाडी भरल्यासारखी चालते. वजन चांगलं उतरतं. पण इंधनाचा मॅप, म्हणजे कधी किती पेट्रोल सोडायचं याचा गाडीतला तक्ता, नव्याने करावा लागतो, आणि डबा गेला की बहुतेक वेळा कन्व्हर्टरही जातो. त्यातल्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा पातळ थर असतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तिथे निवळतात. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा कन्व्हर्टर मी काढून देत नाही, कितीही जवळचा माणूस असला तरी. फक्त ट्रॅकवर जाणारी, ट्रकवर चढवून नेली जाणारी गाडी असेल तर गोष्ट वेगळी. तुमची गाडी रोजची आहे, म्हणून तुम्हाला माझं उत्तर स्लिप-ऑन असंच आहे.

आता स्लिप-ऑन कसा निवडायचा. लांबी बघू नका, पोट बघा. माझी वही आणि मापपट्टी नेहमी जवळ असते. 12 सेंटिमीटर व्यासाचा, 40 सेंटिमीटर लांब गोल सायलेन्सर घ्या. बाहेरून हिशेब केला तर त्यात साडेचार लिटर जागा आहे. 10 सेंटिमीटर व्यासाचा आणि 20 लांबीचा घेतला तर दीड लिटर आणि थोडी वर. जागा एक-तृतीयांशावर आली. हाच आखूड सायलेन्सर 25 लांब आणि 12 व्यासाचा घेतलात तर 2.8 लिटर मिळतात, आणि शेजारी उभं राहून पाहणाऱ्याला तो तितकाच आखूड वाटतो. लंबगोल किंवा तिकोनी पोटाचे सायलेन्सर याच कारणासाठी केलेले असतात. तेव्हा खाली डबा असेल तर लहान चालेल. डबा नसेल तर जाड आणि मध्यम आखूड घ्या, सगळ्यात छोटा नको.

अंगावरचा शिक्का बघा. वर्तुळात ई अक्षर, शेजारी देशाचा आकडा आणि पुढे मंजुरीचा क्रमांक असेल तर तो युरोपातल्या ईसीई आर92 या बदली सायलेन्सरच्या आवाजाच्या नियमाखाली तपासलेला आहे. पण ती मंजुरी ठरावीक मॉडेलसाठी आणि आतली आवाज दाबणारी नळी, म्हणजे डीबी किलर, जागेवर असताना दिलेली असते. दुसऱ्या गाडीचा सायलेन्सर अडॅप्टर लावून बसवला तर शिक्क्याला अर्थ उरत नाही.

आणि बसवताना जी चूक मी स्वतः केली ती तुम्ही करू नका. फार वर्षांपूर्वी एका तरुणाच्या गाडीला मी आखूड सायलेन्सर लावून दिला. उभ्या गाडीत सगळीकडे बोटभर अंतर होतं. पंधरा दिवसांनी तो परत आला. मागे माणूस बसवून खड्ड्यातून गेलं की चाक वर यायचं आणि मागच्या ब्रेकचा होज सायलेन्सरच्या पट्टीला घासायचा. रबराचा वरचा थर गेलेला होता, आतली जाळी दिसत होती. तो होज मी जपून ठेवलाय. तेव्हापासून मी गाडीला फ्रेमखालून आधार देते, मागच्या शॉक अब्सॉर्बरचा खालचा बोल्ट काढते, सायलेन्सरवर मातीचे गोळे चिकटवते आणि चाक जॅकने शेवटपर्यंत वर उचलते. गोळा जिथे चपटा होईल तिथे रस्त्यावर घासणार. होज, एबीएस सेन्सरची वायर, टायर, स्विंगआर्म, सगळं या एका तपासणीत कळतं.

उष्णतेचाही विचार करा. लांब सायलेन्सरचं तोंड चाकाच्या मागे उघडतं, आखूड सायलेन्सरचं तुमच्या टाचेपाशी. गरम धूर टायरवर, ब्रेकच्या कॅलिपरवर किंवा मागे बसणाऱ्याच्या पायावर जातो का ते पाहा. सीटवर बसा, बूट घाला, ट्रॅकवर ठेवता तसा पाय ठेवा आणि कोणाला तरी बाजूने बघायला सांगा. सिग्नलला थांबल्यावर धुराचा वास जास्त येतो, हेही आधीच माहीत असू द्या.

*

प्रश्न : ताई, मी वयाने तुमच्यापेक्षा मोठा असेन, तरी ताईच म्हणतो. माझी केटीएम आरसी 390 आहे, एका सिलिंडरची. शेजारच्या मुलाच्या चार सिलिंडरच्या गाडीला जो आखूड सायलेन्सर आहे, त्याच कंपनीचा, तेवढाच, माझ्या गाडीसाठी मिळतो तो मी लावला. त्याची गाडी गाते. माझी नुसती बडवते. इमारतीच्या आवारात शिरलो की खिडक्यांच्या काचा थरथरतात. आत ग्लासवूल जास्त ठासून भरलं तर फरक पडेल का?

उत्तर : नाही पडणार, उलट बिघडेल. ग्लासवूलमध्ये आवाज मुरतो तो धाग्यांमधल्या मोकळ्या हवेत. दाबून भरलं की ती हवाच संपते आणि लोकर भिंतीसारखी वागते.

तुमच्या आणि शेजारच्या गाडीत दोष कंपनीचा नाही, मोजणीचा आहे. 6,000 आरपीएमला तुमच्या इंजिनात सेकंदाला 50 स्फोट होतात, त्याच्या इंजिनात 200. सायलेन्सरमधल्या गरम वायूत आवाज सेकंदाला साधारण पाचशे मीटर जातो असं धरलं तर तुमच्या मूळ सुराची एक लाट 10 मीटर लांब आहे, त्याची अडीच मीटर. ग्लासवूलचा थर असतो दोन-तीन सेंटिमीटरचा. तो वरच्या सुरातली करकर छान खातो, कारण त्या लाटा वीतभर लांबीच्या किंवा त्याहून लहान असतात. दहा मीटरची लाट त्याला जुमानतच नाही. तिला अडवायला कप्पे लागतात, म्हणजे पुन्हा जागा. तुमचा कंपनीचा सायलेन्सर जड आणि बेढब दिसतो तो या कप्प्यांमुळे. काचा थरथरतात त्याही याच खालच्या सुराने. वरचा सूर भिंत आणि काच बऱ्यापैकी अडवतात, खालचा आरपार जातो. म्हणून तुमच्या गाडीचा आवाज घरातल्या माणसाला अधिक त्रास देतो, मग मीटरवर दोन्ही गाड्या सारख्या का दिसेनात.

एका सिलिंडरच्या गाडीला अगदी आखूड सायलेन्सर मी सुचवत नाही. हे मी फार विचार करून सांगते, कारण अशा गाड्यांचे मालकच मला जास्त विचारतात. जुना सायलेन्सर जपून ठेवला असेल तर तोच परत लावा. बदलायचाच असेल तर आत कप्पे आहेत का ते विचारून घ्या. आरपार भोकाभोकांची नळी आणि भोवती लोकर, एवढंच असेल तर घेऊ नका. आणि लोकर ठासायचा विचार आजच सोडून द्या.

*

प्रश्न : आखूड स्लिप-ऑन लावल्यापासून थ्रॉटल सोडला की मागून फटाके फुटतात. मित्रांना ते भारी वाटतं. मला काळजी वाटते. इंजिन खराब होईल का? मॅप करून घ्यावा लागेल का?

उत्तर : तुमची काळजी योग्य आहे, पण मॅपच्या आधी साबणाचं पाणी घ्या. थ्रॉटल सोडल्यावर उरलेलं थोडं न जळलेलं इंधन गरम पाइपमध्ये येतं. त्याला बाहेरची हवा मिळाली की ते तिथेच पेटतं. ही हवा येते कुठून? नव्या सायलेन्सरच्या जोडात पॅकिंग जुनंच वापरलं असेल, क्लॅम्प तिरपा बसला असेल, तर तिथून. गार इंजिन सुरू करून लगेच जोडांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे येतील तिथे गळती आहे. गाडी थोडी चाललेली असेल तर जोडापाशी काळ्या काजळीचा पट्टाही दिसतो. पॅकिंग नवीन टाका, सायलेन्सरचा ब्रॅकेट ढिला ठेवून आधी जोड बसवा, मग क्लॅम्प आवळा आणि शेवटी ब्रॅकेट. उलट क्रमाने आवळलं तर पाइपला पीळ बसतो आणि जोड कधीच नीट मिळत नाही.

गळती नसेल तर थोडी फटफट आधीपासूनच होत असणार. पूर्वी ती सायलेन्सरच्या पोटात विरायची, आता ऐकू येते. बऱ्याच गाड्यांमध्ये धूर स्वच्छ करण्यासाठी एक्झॉस्टमध्ये मुद्दाम ताजी हवा सोडलेली असते, तिनेही हे होतं.

कन्व्हर्टर आणि बेंड पाइप तेच ठेवून नुसता स्लिप-ऑन लावला तर सहसा मॅप लागत नाही. संथ चालताना ऑक्सिजन सेन्सर एका भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा हे प्रमाण सांभाळून घेतो. पूर्ण थ्रॉटलला मात्र ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सेन्सरचं ऐकत नाही, आत लिहिलेल्या तक्त्यावर चालतो. त्यामुळे गाडी वरच्या आरपीएमला अडखळत असेल, नेहमीपेक्षा जास्त तापत असेल, तर डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, तपासून घ्या. फटाके जोराचे असतील तर दुर्लक्ष करू नका. त्या धक्क्यांनी कन्व्हर्टरची जाळी तडकते आणि सायलेन्सरमधली लोकर उडते.

*

प्रश्न : स्टील, टायटॅनियम की कार्बन?

उत्तर : स्टील, जर गाडी रोजची असेल. पडलं तरी ठोकून सरळ होतं, वेल्डिंग कुठेही होतं. टायटॅनियमची घनता 4.5, स्टीलची 7.9 च्या आसपास, त्यामुळे वजनात फरक हाताला लगेच कळतो. पण सायलेन्सर आखूड असेल तर मुळात धातूच कमी असतो, म्हणून फरकही कमी. कार्बन फक्त बाहेरचं आवरण असतं, आणि त्यातलं राळेचं बंधन सततच्या उष्णतेने कमजोर होतं. आखूड सायलेन्सर इंजिनाच्या जवळ असतो, जास्त तापतो, हे लक्षात ठेवा. टायटॅनियम घेतलंत तर पहिल्यांदा इंजिन सुरू करण्याआधी सगळा पाइप स्वच्छ कापडाने आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. बोटांचे तेलकट ठसे तसेच राहिले तर उष्णतेने ते कायमचे उमटतात.

*

प्रश्न : डीबी किलर काढल्याशिवाय आखूड एक्झॉस्टला मजा नाही असं सगळे म्हणतात. मोठ्या आवाजाने समोरच्याला आपण येतोय ते कळतं, म्हणजे सुरक्षितच ना? तुम्ही नेहमी 'काढू नका' म्हणता. खरं कारण काय?

उत्तर : खरं कारण माझे वडील. गॅरेज त्यांचं होतं. बेंड पाइप वाकवणं, सायलेन्सर कापून जोडणं, रेसच्या गाड्यांचे पाइप बनवणं यात त्यांचं आयुष्य गेलं. उघड्या पाइपच्या इंजिनापाशी उभं राहून ते कानाने सांगायचे की कुठला सिलिंडर मार खातोय. मी टॉर्च धरून शेजारी असायचे. पन्नाशीनंतर त्यांना माझा आवाज ऐकू यायचा, शब्द कळेनासे झाले. आवाजाने कान जातो तो आधी वरच्या सुरांना. स, श, फ, थ ही अक्षरं तिथेच राहतात. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. मी 'सात नंबरचा पाना' म्हटलं की ते 'आठ?' विचारायचे. पुढे पुढे ते विचारायचेही बंद झाले, नुसते हसून मान हलवायचे. तुटलेला स्टड काढता येतो, वाकलेला पाइप सरळ होतो. कानातल्या त्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत.

कामाच्या जागेसाठी तज्ज्ञांनी घालून दिलेली एक मर्यादा आहे : 85 डेसिबलमध्ये आठ तास, आणि पुढच्या प्रत्येक 3 डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, 100 ला पंधरा मिनिटं. महामार्गाच्या वेगाला हेल्मेटमधला वाऱ्याचा आवाजच यातला बराच वाटा खाऊन टाकतो. त्यावर तुम्ही एक्झॉस्टची भर घालता. डीबी किलर काढल्यावर माझ्या मीटरवर आठ-दहा डेसिबलचा फरक सहज दिसतो, आणि 10 डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो.

समोरच्याला कळण्याचं म्हणाल तर सायलेन्सरचं तोंड मागे असतं. सगळ्यात जास्त आवाज तुमच्या मागे राहिलेल्यांना ऐकू येतो. समोरून वळणारा गाडीवाला काच बंद करून बसलेला असतो, त्याच्यापर्यंत आवाज पोचतो तेव्हा तुम्हीही पोचलेले असता.

तुमची गाडी किती आवाज करते ते स्वतः मोजून पाहा. मीटर सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर दूर, तोंडाच्या उंचीवर, बाहेर पडणाऱ्या धुराच्या रेषेशी 45 अंशांत धरा. ज्या आरपीएमला कमाल ताकद मिळते तो 5,000 च्या वर असेल तर त्याच्या निम्म्यावर इंजिन स्थिर धरा. म्हणजे 13,000 ला ताकद असलेली गाडी 6,500 वर. आसपास भिंत नको, शेजारी दुसरी गाडी नको. हाच आकडा बऱ्याच गाड्यांच्या फ्रेमवरच्या पट्टीवर कंपनीने छापलेला असतो. दोन्ही आकडे शेजारी लिहून बघा. आणि कानात बोळे घाला, आवाज कंपनीचा असो की नवीन सायलेन्सरचा. मी गेली अठरा वर्षं घालते. गाडीचा आवाज त्यातून ऐकू येतो, उलट जास्त स्वच्छ येतो, कारण वाऱ्याची घरघर कमी होते.

*

प्रश्न : मी डीबी किलर काढला नव्हता, तो आपोआप पडला! ट्रॅकवरच्या आवाजाच्या तपासणीत मला परत पाठवलं. बोल्ट कुठे गेला तेही कळलं नाही. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करू?

उत्तर : तुमचं वाईट वाटलं, दिवस फुकट गेला. बहुतेक सायलेन्सरमध्ये ती नळी एकाच बोल्टवर असते. सायलेन्सर आखूड असेल तर तो बोल्ट जास्त तापतो आणि थरथरही जास्त सोसतो. नेहमीचा थ्रेडलॉक, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, तिथे जळून जातो, त्याच्यावर विसंबू नका. डोक्याला आरपार भोक पाडलेला स्टेनलेसचा बोल्ट घ्या, आट्यांना तांब्याची पेस्ट लावा म्हणजे तो जाम होणार नाही, कंपनीने दिलेल्या टॉर्कवर आवळा आणि भोकातून स्टेनलेसची सेफ्टी वायर ओवून ब्रॅकेटला बांधा. वायरचा ओढ आवळण्याच्या दिशेने हवा. उलट बांधली तर बोल्ट सुटताना ती नुसती बघत बसते.

नवीन नळी बसवण्याआधी आतली लोकर पाहून घ्या. नळी निसटल्यावर मोकळा धूर त्याच तोंडातून गेलाय, भोकांमधून धागे बाहेर आलेले दिसले तर लोकर बदलायची वेळ झाली आहे. पुढच्या ट्रॅकच्या आधी बांधलेल्या वायरचा जवळून फोटो पाठवा, दिशा बरोबर आहे का ते सांगते.